गाडीमागचा सायकल रॅक: तुमचं काय काय ढिलं झालं?

रविवारी पहाटे सायकली गाडीला अडकवून पन्हाळा, राधानगरी गाठणारे आता कोल्हापुरात बरेच झालेत. मागचा रॅक पक्का कसा करता, कुठं फसलात, लिहा. सुरुवात माझ्यापासून.

माझा रॅक हिचचा, म्हणजे गाडीच्या मागं खाली असलेल्या दोन इंची चौकोनी नळीत दांडा घालून आडव्या पिनेनं अडकवायचा. पहिल्याच खेपेला वाघबीळच्या वळणावर मागं खडखड सुरू. उतरून बघतो तर पिन जागेवर, चिमटाही जागेवर, आणि सायकली मात्र लग्नातल्या करवल्यांसारख्या डुलतायत. उद्यमनगरात लेथवाल्या काकांना दाखवलं. त्यांनी दांडा हातानं हलवला आणि म्हणाले, "पिन नुसती कडी हाय. रॅक बाहेर येऊ देत न्हाई, एवढंच. नळीत फट हाय ती कोण भरणार?" मग दांड्याच्या आत नट वेल्ड केला आणि गुळगुळीत पिनेच्या जागी आट्यांचा बोल्ट, खाली स्प्रिंग वायसर. बोल्ट आवळला की दांडा नळीच्या भिंतीला चिकटतो. खडखड बंद. तरी दहा किलोमीटरवर थांबून पाना लावून बघतोच.

पाऊसवेडा: आमची साधी हॅचबॅक, डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक. जुलैत आंबा घाटाला निघालो. घरातून कोरडे पट्टे कचकचून आवळले होते. मलकापुरात चहाला थांबलो तर पट्ट्याखाली चार बोटं जातायत! नायलॉन भिजलं की ताणतं, हे तेव्हा कळलं. आता पट्ट्याच्या टोकाला गाठ मारून ती डिकीच्या आत टाकतो नि वरून दार लावतो. बक्कल सरकलं तरी गाठ अडते. उरलेलं टोक मात्र बांधून टाका, नाहीतर काचेवर फटाफटा वाजत राहतं.

रंकाळाकर: पुढचं चाक बांधलं नाही, हँडल फिरलं, डिकीवर वीतभर ओरखडा. गाडी सासऱ्यांची होती. पुढचं लिहीत नाही.

चेनची आई: रॅक हलत नव्हता हो, पण मागचा टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर आला होता. गगनबावड्यात उतरवताना टायरच्या कडेला मऊ, चकचकीत डाग. शिवाय दोन सायकलींमागं नंबरप्लेट आणि ब्रेकचा दिवा झाकला जातो. कळे गावात एक ट्रकवाले मामा शेजारी येऊन ओरडले, "ताई, ब्रेक मारताय ते दिसंना की!" तेव्हापासून सायकली चढवल्या की लेक मागं उभी राहते, मी ब्रेक दाबते.

रंकाळाकर: सगळं सोडा, त्या लेथवाल्या काकांकडं कधी जायचं?

धागाकर्ता: चारनंतर जावा. दुपारी शटर अर्धं ओढून झोपलेले असतात. आणि रॅक संगट न्या, फोटोवर ते काम घेत नाहीत.