८ जीबीच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल राउटर, कन्सोल काळाच!

जुळेसोलापूरकर: सीसीएनए (सिस्कोचा नेटवर्किंग कोर्स) चालू केलंय, ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) स्वतः करून बघावं म्हणून व्हीएमवेअरमध्ये जीएनएस३ व्हीएम (नेटवर्कचा सराव करायचं सॉफ्टवेअर) टाकलं न् त्यात सीएसआर १०००व्ही या सिस्कोच्या व्हर्च्युअल राउटरची इमेज घातली. नोड हिरवा होतोय पण कन्सोल उघडला की नुसता काळा पडदा, एंटर मारून मारून बोटं दुखायलीत. रॅम ८ जीबी. असले तीन राउटर पाहिजेत. क्लासवाले म्हणतेत पॅकेट ट्रेसर (सिस्कोचा सिम्युलेटर) बास की. काय करू?

हुरडा_पार्टी: मालक, तीन सीएसआर विसरा. एकालाच साधारण ४ जीबी रॅम लागते, विंडोजनं काय खायचं मग? काळ्या पडद्याचं असंय की इमेज व्हीजीए कन्सोलवर (म्हणजे स्क्रीनवर) सेट असेल तर टेलनेटला (नुसत्या अक्षरांच्या कन्सोलला) काहीच येत नाही, सिरियलवर कोण बोलतच नसतंय. नोडचा कन्सोल टाईप व्हीएनसी (राउटरची स्क्रीन दाखवणारा) करा, राउटर दिसेल, मग कॉन्फिग मोडमध्ये प्लॅटफॉर्म कन्सोल सिरियल, सेव्ह, रिलोड, आणि परत टेलनेट. पहिला बूट लई वेळ घेतो, तवर चहा मारून या.

सातरस्ता: सीएसआर कशाला पण? ओएसपीएफच शिकायचंय ना, मायक्रोटिक कंपनीचं सीएचआर (व्हर्च्युअल राउटर) घ्या, २५६ एमबीत चालतंय, फुकट लायसनला प्रत्येक इंटरफेसला १ एमबीपीएसची मर्यादा आहे पण हॅलो पॅकेटला (शेजारचा राउटर शोधायला पाठवतात ते) तेवढं रग्गड. कमांड मात्र वेगळ्या. सिस्कोसारख्याच पाहिजे असतील तर एफआरआर (फुकटचं राउटिंग सॉफ्टवेअर), कंटेनरमध्ये टाका, व्हीटीवायएसएचमध्ये (त्याच्या कमांड लाईनमध्ये) शिरलात की ओळखीचं वाटेल. सीएमएलचं (सिस्कोच्या स्वतःच्या लॅब सॉफ्टवेअरचं) फुकट व्हर्जन ५ नोडचं आहे, पण ते स्वतःच ८ जीबी मागतंय, तुमच्या मशीनला झेपणार नाही. आणि टेलिग्रामवरच्या इमेज टाकू नका बे, आत काय भरलंय कुणाला माहीत.

जुळेसोलापूरकर: व्हीएनसीनं सीएसआर दिसला! पण तीनचं जमणार नाही हे पटलं, आता दोन एफआरआर न् एक सीएचआर लावलंय. एफआरआर एकमेकांना फुल झाले (शेजारी म्हणून पूर्ण जोडले गेले), सीएचआरसोबत मात्र एक्सस्टार्टवरच (त्याआधीच्या टप्प्यावर) अडकलंय.

हुरडा_पार्टी: एमटीयू (एका पॅकेटचं कमाल माप) बघा दोन्हीकडचा. हॅलो न् डेड टायमर (हॅलो किती वेळानं पाठवायचा न् किती वेळ वाट बघायची ते) जुळले नसते तर शेजारी दिसलाच नसता, म्हणजे ते ठीक आहे. एक्सस्टार्टला अडकलं की बहुतेकदा एका टोकाला १५०० न् दुसऱ्याला काहीतरी भलतंच असतंय. सारखा करा न् ओएसपीएफ रिस्टार्ट मारा.

जुळेसोलापूरकर: सीएचआरवर १४५० होता. झालं फुल!