मदत हवी आहे: खिडकीच्या उजेडातल्या पोर्ट्रेटमध्ये डोळे मऊ (अस्पष्ट) येतात

लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' वृत्तपत्रासाठी १९४९ पासून काम केलेल्या छायाचित्रकार जेन बाउन फ्लॅश टाळून, बहुतेकदा ८५ मिमी लेन्स, एफ २.८ छिद्र (अ‍ॅपर्चर) आणि १/६० सेकंद शटरवर लेखक-कलावंत टिपत. (नाटककार सॅम्युएल बेकेटचं १९७६ चं छायाचित्र आठवा.) तीच मापं ओएम-१ कॅमेरा आणि ट्राय-एक्स ४०० या कृष्णधवल फिल्मवर लावली आहेत. १.२ मीटरवर फोकसची खोली (जेवढा पट्टा धारदार येतो तो) जेमतेम ३ सेंटिमीटर. समोरचा माणूस बोलताना जरा पुढे झुकला की पापण्या मऊ आणि कानाजवळचे केस धारदार! १/६० ला हात हलतो तो वेगळाच. १/१२५ घेऊन ४०० ची फिल्म ८०० ची समजून उजेड मोजला, तर डी-७६ डेव्हलपरमध्ये (पाण्यात १:१, २० अंश) सध्याच्या ९.७५ मिनिटांत सावलीकडच्या गालाचा तपशील टिकेल का? वेळ वाढवली तर खिडकीकडचं कपाळ जळतं. आणि व्ह्यूफाइंडरमधली स्प्लिट-इमेज (फोकससाठीची दुभंगलेली प्रतिमा) नेमकी कुठे जुळवता, बुबुळाच्या कडेवर की डोळ्यातल्या चमकेवर?