‘अवकाशीय गाळणी’ हा शब्द कितपत बरोबर?

भाचीला इंजिनिअरिंगला इमेज प्रोसेसिंग आहे, तिला मराठीतून समजावू म्हणून बसले आणि पहिल्याच शब्दाला अडले. स्पेशियल फिल्टरला, म्हणजे चित्र मऊ, स्वच्छ किंवा धारदार करायच्या एका रीतीला, ‘अवकाशीय गाळणी’ असं एका ठिकाणी वाचलं होतं, तेच सांगितलं, तर ती म्हणाली मावशी हे उपग्रहाच्या फोटोंचं आहे का? तिचं तरी काय चुकलं, अवकाश म्हणलं की एकतर चांद्रयान आठवतं नाहीतर ‘अजून अवकाश आहे’ मधली सवड. आणि गाळणी म्हणजे काहीतरी खाली जातं, काहीतरी वर अडकतं. इथे तर जेवढे पिक्सेल आत तेवढेच बाहेर. मास्क आणि कर्नललाही काय म्हणावं, मुखवटा आणि गर तर नक्कीच नको. सुचवा कोणीतरी.

---

अवकाशीय काढूनच टाका. इथे स्पेशियल म्हणजे एवढंच की काम थेट पिक्सेलवर चालतं, आधी फूरिये रूपांतर करून (म्हणजे चित्र हळू-जलद बदलांच्या लहरींत मोडून) फ्रिक्वेन्सीत जायचं आणि परत यायचं असं नाही. मला विचाराल तर यातला खरा शब्द शेजार. प्रत्येक पिक्सेल आपल्या शेजाऱ्यांकडे बघून नवी किंमत (उजळपणाचा आकडा) घेतो, बस्स. मास्क-कर्नलला चौकट म्हणा, 3×3 ची चौकट, तिच्या नऊ घरांत नऊ भार, ती चित्रावरून एकेक घर सरकवत न्यायची, भार गुणिले किंमत करून बेरीज मधल्या पिक्सेलला द्यायची, फक्त ती जुन्या चित्रात नाही तर नव्या कोऱ्या चित्रात लिहायची, नाहीतर पुढच्या घराला बदललेला शेजारी मिळतो.

भाचीला 3×3 घरांतल्या या नऊ किमती घेऊन करून दाखवा: 50, 52, 51, 49, 255, 50, 53, 48, 52. मधला 255 म्हणजे स्कॅनमध्ये आलेला पांढरा ठिपका. सरासरी काढली तर 660 भागिले 9, साधारण 73. म्हणजे ठिपका गेला नाही, फिका होऊन नऊ घरांत पसरला. आता चढत्या क्रमाने लावा आणि पाचवी किंमत उचला, 51. ठिपका गायब. या मधल्या किमतीला, मीडियनला, आपल्याकडे शाळेपासून मध्यक हा चांगला शब्द आहे, तो सोडू नका.

---

शेजार आवडला, पण गाळणीला एवढ्यात हाकलू नका. फिल्टर हा शब्द इथे फ्रिक्वेन्सीच्या बाजूने आलाय. गाळले जातात ते पिक्सेल नाहीतच, गाळला जातो तो बदल. सरासरीची चौकट हळूहळू होणारा बदल जाऊ देते, आभाळाचा रंग, गालावरची सावली, आणि पटकन होणारा बदल अडवते, म्हणजे कडा, केस, दाणे. आता मूळ चित्रातून हे मऊ झालेलं चित्र वजा करा, जे उरतं तो चोथा. चहाचा चोथा आपण टाकतो, इथे मात्र तो मूळ चित्रात परत मिसळला की चित्र धारदार होतं, फोटो शार्प करायची ही जुनी आणि आजही चालणारी रीत आहे. चोथा हा शब्द मी वर्गात वापरतो, मुलांना लगेच कळतं.

मध्यकाला मात्र हे लागू नाही. तिथे भार नाहीत आणि बेरीजही नाही, नुसता क्रम लावून निवड, त्यामुळे त्याला गाळणीपेक्षा निवड म्हणणं मला जास्त पटतं.

---

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दोन्ही करून पाहिलं, आजीच्या हाताने लिहिलेल्या पाककृतींच्या वहीचं स्कॅन घेतलं, त्यावर काळे-पांढरे ठिपके फार होते. 3×3 च्या मध्यकाने पान स्वच्छ झालं, भाची खूश, आणि मग वाचायला लागलो तर ‘आंबा’चा ‘आबा’ झालेला! स्कॅन कमी रिझोल्यूशनचा घेतला होता, अनुस्वार जेमतेम 2×2 पिक्सेलचा, म्हणजे चौकटीत फार तर चार काळे आणि बाकी पाच तरी पांढरे, मध्यक पांढराच येणार. अनुस्वार आणि घाण यातला फरक त्या चौकटीला कळूच शकत नाही. मराठी कागदांवर हे वापरणाऱ्यांनी आधी स्कॅनच मोठा, जास्त पिक्सेलचा घ्यावा, असं मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं.

शब्दांचं म्हणाल तर ‘शेजार-गाळण’, ‘भारांची चौकट’, ‘मध्यक निवड’ आणि ‘चोथा’ हे चार भाचीच्या वहीत गेलेत. कॉन्व्होल्यूशन तूर्त कॉन्व्होल्यूशनच ठेवलंय, चौकट 180 अंशांत फिरवून मग सरकवायची हे एका मराठी शब्दात बसेना. कोणाला सुचलं तर सांगा.