शब्दचर्चा : 'रोटेटिंग क्वांटम रिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

पंचवटीकर : २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनासाठी नाशिकमध्ये भित्तिपत्रकं लावतोय. एकाचा विषय 'रोटेटिंग सेमीकंडक्टर क्वांटम रिंग', म्हणजे अर्धवाहकाचं नॅनोमीटरच्या मापाचं फिरतं कडं, ज्यावरून इलेक्ट्रॉन फिरतो. अर्धवाहक हा शब्द ठरला. पुढे 'परिभ्रमण करणारे पुंजकडे' चालेल?

देवळालीकर : 'पुंजकडे' नको, वाचणारा 'कुणाकडे?' म्हणेल. पुंजवलय घ्या (क्वांटम म्हणजे पुंज). परिभ्रमण तर साफ चूक. भूगोलात पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन, सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण. इथे दोन्ही आहेत. वलय स्वतःच्या अक्षाभोवती फिरतं, इलेक्ट्रॉन वलयावरून. एकच शब्द दोन्हींना लावलात तर गणित गढूळ होईल.

सिडकोवाला : घूर्णन का नको?

देवळालीकर : चालेल की. पण शाळेपासून कानावर परिवलन आहे.

गंगापूर रोड : फरक आकड्यांत बघा. गॅलियम आर्सेनाइडचं वलय, त्रिज्या २० नॅनोमीटर, इलेक्ट्रॉनचं प्रभावी वस्तुमान (स्फटिकात तो जेवढा जड असल्यासारखा वागतो ते) मुक्त इलेक्ट्रॉनच्या ०.०६७ पट. वलय स्थिर असेल तर इलेक्ट्रॉनच्या सर्वांत खालच्या ऊर्जापातळीपासून पहिली वरची पातळी सुमारे १.४२ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे ऊर्जेचं एकक), परिभ्रमण डावं असो वा उजवं. आता वलय सेकंदाला १ लाख कोटी रेडियन या वेगाने फिरवा. (कडेचा वेग सेकंदाला २० किलोमीटर! हे कागदावरच.) फिरत्या संदर्भचौकटीत, म्हणजे वलयासोबत फिरत बघितलं तर, पातळी फुटते : परिवलनाच्या दिशेची ०.७६ वर, उलट दिशेची २.०८ वर. कोरिऑलिस बल (फिरत्या चौकटीत जाणवणारं आभासी बल) इथे पाऊण टेस्ला चुंबकी क्षेत्राचं काम करतं.

सिडकोवाला : म्हणजे वलयावर प्रकाश टाकला तर शोषणाच्या दोन रेषा (दोन वारंवारता शोषल्या गेल्याच्या खुणा) दिसणार?

गंगापूर रोड : इथेच बरेचजण घसरतात. दिवा वलयासोबत फिरत असेल तर दोन, उजव्या आणि डाव्या वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाला एकेक. दिवा जमिनीवर असेल तर वलयाच्या चौकटीत प्रकाशाची वारंवारताही तेवढीच सरकते. वलय निर्दोष गोल असेल तर दोन्ही फरक एकमेकांना खातात, रेषा एकच. वलय लंबगोल असेल किंवा त्यात अशुद्धी असेल, तरच बाहेरून परिवलनाचा पत्ता लागतो. आणि हे सगळं ४ केल्विनच्या आसपास. खोलीच्या तापमानाला उष्णतेचीच ऊर्जा सुमारे २५ मिलिइलेक्ट्रॉनव्होल्ट, त्यात या पातळ्या बुडून जातात.

पंचवटीकर : मग मथळा 'परिवलनी अर्धवाहक पुंजवलय : इलेक्ट्रॉन आणि प्रकाश'. 'अपवर्तनांक', 'शोषण' हे शब्द तसेच ठेवतो.

देवळालीकर : ठीक. आकृतीत बाण दोन रंगांत काढा, वलयाचा आणि इलेक्ट्रॉनचा. आणि आकड्यांच्या तक्त्यावर 'फिरत्या चौकटीतून' हे ठळक लिहा, नाहीतर पहिलाच प्रश्न त्यावर येईल.