मदत हवी आहे: जुन्या माळेतले गडद लाल मणी तामडा (गार्नेट), माणिक की काच?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरातली एक तीनपदरी माळ गाठवून घ्यायची आहे. बारीक मोती, मध्ये सोन्याचे मणी आणि दोन जातींचे लाल मणी. माळ पणजीच्या लग्नातली, म्हणजे १९२० च्या आधीची, असं घरात सांगतात. एक पदर तुटला म्हणून सराफाकडे नेली, तर भिंगही न लावता त्यांनी "लाल सगळी काच आहे, काढून टाका, सोन्याचं वजन करू" असं सांगितलं. मला ते अजिबात पटलेलं नाही. पटवेकऱ्याकडे देण्याआधी मणी कसले आहेत ते कळायला हवं, कारण एकदा काढून टाकलेले मणी परत मिळणार नाहीत.

केशरी-लाल लांबट मणी पोवळीच असावीत. भिंगातून लांबीच्या दिशेने बारीक समांतर रेघा दिसतात, काहींवर नैसर्गिक खळगे आहेत आणि खळग्यांत रंग साचलेला नाही.

अडलं आहे ते गडद मण्यांपाशी. उजेडात धरले की डाळिंबी दिसतात. पैलू हाताने पाडलेले, एकही मणी दुसऱ्यासारखा नाही. भोक दोन्हीकडून पाडलेलं आणि मध्ये किंचित चुकलेलं. बुडबुडे दिसत नाहीत. तुटलेल्या पदरातले हे मणी दोऱ्यात ओवून तोलले: ६.१० ग्रॅम. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून त्यात ते अधांतरी बुडवले, तेव्हा काटा १.५२ ग्रॅमने वाढला. म्हणजे घनता साधारण ४. साधी काच २.५ च्या आसपास असते, ती बाद. पण तामडा आणि माणिक दोन्ही चारच्या जवळ, आणि भरपूर शिसं घातलेली काचही तिथपर्यंत जाते. ओरखडा न काढता यांतला फरक कसा ओळखायचा?

प्रतिसाद १
तोललंत ते उत्तम केलंत. आता निओडिमियमचं लहान पण ताकदवान चुंबक आणा. साधं चालणार नाही. थर्मोकोलचा छोटा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवा, त्यावर एक मणी ठेवा आणि चुंबक न टेकवता जवळ न्या. गडद लाल तामड्यात लोह भरपूर असतं, तो तुकड्यासकट चुंबकाकडे सरकतो. माणिक सरकत नाही, शिशाची काचही नाही. शिवाय अंधारात अतिनील टॉर्च मारून बघा. बरीच माणकं लाल चमकतात, तामडा मंदच राहतो.

प्रतिसाद २
ताई, एक कळकळीची विनंती. लिंबू, व्हिनेगर, तापलेली सुई, यांतलं काहीही करू नका. मोती आणि पोवळं दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे, आम्लाने चकाकी कायमची जाते. मोती एकमेकांवर अगदी हलके घासून बघा, खरखर लागली तर काचेचे नाहीत. मात्र नैसर्गिक की संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले) हे एक्स-रेशिवाय खात्रीने सांगता येत नाही. माळ १९२० च्या आधीची असली तरी मधल्या काळात कुणी गाठवताना नवे मोती घातले असू शकतात, तेव्हा प्रत्येक पदर वेगळा समजा.

धागाकर्ती
मनापासून आभार. चुंबक लावून पाहिलं. गडद मणी एकामागून एक सरकले, दोन मात्र जागचे हलले नाहीत! रंग तोच, पण पैलू जास्त रेखीव. ते वेगळ्या पुडीत ठेवले आहेत. रत्नपरीक्षण प्रयोगशाळेत हे दोनच नेऊ, की सगळा पदर?

प्रतिसाद १
ते दोन आणि सरकलेल्यांपैकी एक, असे तीन न्या. माणिक प्रकाशकिरण दुभंगतं, तामडा आणि काच दुभंगत नाहीत, आणि अपवर्तनांक (प्रकाश आत शिरताना किती वळतो त्याचं माप) मोजला की उरलेला प्रश्नही सुटेल. मणी सुटे आहेत तोवर हे सोपं आहे, तेव्हा गाठवणं नंतर. सोबत एखादं पोवळंही द्या.