ऑस्कर वाइल्डचा १८८२ चा अमेरिका दौरा: तुम्हाला तो कुठे भेटला?

जानेवारी १८८२ मध्ये आयरिश लेखक वाइल्ड न्यूयॉर्कला उतरला तेव्हा वय २७, नावावर जेमतेम एक कवितासंग्रह. डॉइली कार्ट या निर्मात्याच्या संगीतिकेत सौंदर्यवादी, म्हणजे कलेसाठी कला मानणाऱ्या, कवींची टिंगल होती. तसला खरा कवी अमेरिकेला दाखवायचा म्हणून ही व्याख्याने ठरली. चार महिन्यांचा बेत वर्षभर लांबला, सुमारे १४० व्याख्याने झाली. त्या वाटेवरचं काही पाहिलं, वाचलं, शिकवलं असेल तर सविस्तर लिहा.

*डेन्व्हरहून*

घरी पाहुणे आले की आम्ही त्यांना लीडव्हिलला नेतो. उंची दहा हजार फुटांवर, जिना चढला तरी धाप लागते. तिथलं टॅबर ऑपेरा हाऊस अजून उभं आहे. वाइल्डने तिथे चांदीच्या खाणकामगारांना चेल्लिनी या इटालियन सोनाराचं आत्मचरित्र वाचून दाखवलं. चेल्लिनी हयात नाही म्हटल्यावर कोणीतरी विचारलं, ‘गोळी कोणी घातली?’ हा किस्सा वाइल्ड स्वतःच सांगायचा. लोक तेवढंच लक्षात ठेवतात. मला ती निवडच फार मोलाची वाटते. रोज चांदी उपसणाऱ्यांना त्या चांदीचं पुढे काय घडू शकतं हे त्याने सांगितलं. नंतर बादलीत बसून खाणीत उतरला आणि त्यांच्याबरोबर व्हिस्की प्यायला.

*कोल्हापूरहून*

माझा फोटो स्टुडिओ आहे. न्यूयॉर्कच्या नेपोलियन सरोनीने वाइल्डचे मखमली कोट, रेशमी मोजे अशा थाटात फोटो काढले. त्यातल्या १८ क्रमांकाच्या फोटोच्या ८५,००० प्रती एका छापखान्याने परस्पर छापल्या. सरोनी कोर्टात गेला. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला: बैठक, प्रकाश, मांडणी फोटोग्राफरने रचलेली, म्हणून फोटोवर हक्क त्याचा. आमचे फोटो कोणी न विचारता उचलले की मी हाच खटला सांगतो.

*बॉस्टनहून*

इथे हार्वर्डचे साठेक विद्यार्थी त्याच्याच थाटात तोकड्या विजारी घालून, हातात सूर्यफुलं घेऊन त्याची खोडी काढायला आले होते. तो नेमका साध्या पोशाखात आला.

*सोलापूरहून*

मी इंग्रजी शिकवते. नेब्रास्कात लिंकनच्या तुरुंगात वाइल्डला एका कोठडीत फ्लॉरेन्सचा जुना इटालियन कवी दान्ते याचं भाषांतर दिसलं. फ्लॉरेन्सच्या एका हद्दपार माणसाचं, म्हणजे दान्तेचं, दुःख शेकडो वर्षांनी एका कैद्याला हलकं करतं, असं त्याने पत्रात लिहिलं. १८९५ मध्ये वाइल्डलाच दोन वर्षं सक्तमजुरी झाली, आणि तुरुंगात त्याने दान्ते वाचला. वर्गात मी आधी ते पत्र देते, मखमली कोट नंतर.