हौशी मासेमारीचा परवाना: पैसे भरून मिळावा की परीक्षा देऊन?

तळ्याकाठी (धागाकर्ता)

गळ टाकण्याच्या परवान्याचा विषय निघाला की सगळे आधी किमतीवर येतात. अमुक देशात लूट आहे, तमुक ठिकाणी फुकट आहे वगैरे. मला विचाराल तर किंमत हा यातला सगळ्यात गौण भाग. परवाना मागणाऱ्याला मासा हाताळता येतो का, हे बहुतेक ठिकाणी कुणी विचारतच नाही. खरं दुखणं ते आहे.

जर्मनीत बहुतेक राज्यांत आधी परीक्षा द्यावी लागते आणि अनेक राज्यांत त्याआधी वर्गही सक्तीचा असतो. माशांच्या जाती ओळखा, त्यांची शरीररचना सांगा, पाण्याबद्दल बोला, कायदा सांगा, कुठल्या माशाला कुठली दोरी आणि कुठला गळ ते जुळवून दाखवा. मासा ठेवायचा असेल तर आधी डोक्यावर फटका मारून बेशुद्ध करायचा, मगच मारायचा, हेही शिकवतात. पास झालात की परवाना मिळतो. त्यानंतर ज्या पाण्यावर बसायचं तिथल्या मालकाची किंवा संघाची परवानगी वेगळी. स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून महिन्याहून जास्त मुदतीचा परवाना हवा असेल, तर मासे आणि प्राणिसंरक्षण यांचं पुरेसं ज्ञान असल्याचा दाखला लागतो.

आता अमेरिका किंवा इंग्लंड बघा. नाव, पत्ता, कार्डाचा नंबर, झालं. अमेरिकेत शिकारीचा परवाना घ्यायला नवख्याला प्रशिक्षण लागतं. गळवाल्याला काहीच नाही.

परिणाम पाण्यावर दिसतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. अशा दिवशी ट्राउटला (हा थंड पाण्यातला मासा) गळावर दहा मिनिटं खेळवायचं, कोरड्या हातांनी पकडून फोटो काढायचे, अंगावरचा बुळबुळीत संरक्षक थर पुसून टाकायचा आणि मग 'सोडून दिला बरं का' म्हणून मिरवायचं. तो मासा पुढच्या वळणावर मरतो, पण कुणाला दिसत नाही. गाडीचा परवाना देताना आपण फक्त फी भरली का एवढंच बघत नाही ना?

माझं मत सरळ आहे: शुल्क नाममात्र ठेवा, परीक्षा सक्तीची करा. विरोधी मतं ऐकायला आवडतील.

---

हिशेबनीस

विरोधी मत घ्या. शुल्क गौण आहे, हे तुम्ही फार सहज म्हणून गेलात.

अमेरिकेत १९५० साली डिंगेल-जॉन्सन कायदा आला. गळाच्या बहुतेक सामानावर उत्पादकाकडून १० टक्के अबकारी कर घ्यायचा आणि तो पैसा राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी वाटायचा. १९८४ मध्ये त्यात मोटरबोटींच्या इंधनावरचा करही आला. वाटपाचं सूत्र असं: ६० टक्के वाटा राज्यातल्या पैसे भरलेल्या परवानाधारकांच्या संख्येवर, ४० टक्के क्षेत्रफळावर. शिवाय परवान्याची रक्कम राज्याने रस्ते-पूल किंवा दुसऱ्या कशावर उडवायची नाही, ही अट आहेच. उडवली तर केंद्राचा वाटा गमवायची पाळी येते.

म्हणजे प्रत्येक परवानाधारक राज्याला दोनदा पैसे मिळवून देतो. एकदा स्वतःच्या शुल्कातून आणि एकदा डोकं मोजलं गेल्यामुळे. या पैशातून मत्स्यबीज केंद्रं चालतात, धरणांवर माशांना वर चढायला वाटा होतात, नदीकाठची जागा विकत घेतली जाते. तुमच्या परीक्षेने दहापैकी चार जण दारातूनच परत गेले तर नदीला काय मिळालं? चार अडाणी कमी आणि पैसाही कमी.

आणि शिकारीची तुलना नको. तिथे प्रशिक्षण मुख्यतः बंदुकीपासून माणसं वाचवायला आलं, हरणांची काळजी म्हणून नाही.

---

सहज_वाचक

वाचतोय. एक बाळबोध शंका: समुद्रावरही परवाना लागतो का? की फक्त नदी-तलावाला?

---

काटेकोर

@सहज_वाचक, एकच उत्तर नाही. न्यूझीलंडमध्ये समुद्रात हौसेने मासे धरायला परवाना लागत नाही, पण गोड्या पाण्यातल्या ट्राउट-सॅमनला लागतो. त्यातही टाउपो तलावाच्या भागाचा वेगळा. फ्रान्समध्ये नदीकाठी बसायला स्थानिक संघटनेचं कार्ड, समुद्रकिनाऱ्यावरून गळ टाकायला सहसा परवाना लागत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावरून दोरी टाकायला परवाना नको, पण इंजिनाच्या बोटीतून टाकायला हवा. क्वीन्सलंडमध्ये समुद्र मोकळा, मात्र मत्स्यबीज सोडलेल्या ठरावीक जलाशयांना परमिट.

इंग्लंडमध्ये १३ वर्षांखाली परवाना नको, १३ ते १६ मोफत पण काढावा लागतो, पुढे पैसे. एका परवान्यावर साधारणपणे दोन काठ्या. विनापरवाना सापडलात तर २५०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि परवाना खिशात आहे म्हणून कुठेही बसता येत नाही, पाण्याच्या मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. नवखे लोक हमखास इथे अडकतात.

---

उत्तरवारा

तुम्ही दोघं परीक्षा की पैसा यावर भांडताय. मला दोन्ही नको आहेत.

स्वीडनने १९८५ साली किनाऱ्याचा बहुतेक भाग आणि व्हेनर्न, व्हेटर्न, मेलारेन, येलमारेन, स्टूरश्योन हे पाच मोठे तलाव साध्या काठी-दोरीच्या मासेमारीला सगळ्यांसाठी खुले केले. खासगी मालकीचं पाणी होतं तिथे सरकारने मालकांना भरपाई देऊ केली. फिनलंडमध्ये दोरी गुंडाळायचं रीळ नसलेली साधी काठी घेऊन बसा, किंवा हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून बसा, कुणी पैसे मागत नाही. परदेशी असलात तरी नाही. रीळ आणि चकाकतं आमिष आलं की वयाच्या ठरावीक टप्प्यातल्या लोकांना राष्ट्रीय शुल्क लागू होतं. मला ही रेघ फार शहाणपणाची वाटते. ज्याची ताकद कमी, त्याला मोकळीक. ज्याचं सामान भारी, त्याने भरावं.

परीक्षा म्हणजे वर्गाची फी, सुट्टीचे दिवस, भाषा यायला हवी. हे कुणाला जमतं? ज्याला नाहीच जमत, तो तलाव आपला म्हणणार कसा?

---

तळ्याकाठी

@हिशेबनीस, आकड्यांचा मुद्दा दमदार आहे, मान्य. पण त्यातली गोम बघा. परवानाधारकांच्या संख्येवर पैसा ठरला की यंत्रणेला जास्त ग्राहक हवेसे वाटतात. मग लोकांना पटकन यश मिळावं म्हणून मत्स्यबीज केंद्रातले तयार ट्राउट आणून सोडायचे, आठवडाभरात ते धरले जातात, लोक खूश, पुढच्या वर्षी परत परवाना. मूळच्या जातींचं काय, हा प्रश्न मागे पडतो. न्यूझीलंडमध्ये तर ट्राउट मुळात बाहेरून आणलेला मासा. गोड्या पाण्याचा सगळा परवाना त्याच्याभोवती फिरतो आणि तिथले मूळचे छोटे मासे कुणाच्याच पावतीवर येत नाहीत.

@उत्तरवारा, 'साधी काठी' निरुपद्रवी असते हे कुणी सांगितलं? गळ गिळलेला मासा हिसका देऊन सोडवणारा माणूस साधी काठीवालाही असू शकतो.

---

चिखलवाट

जर्मनीचं कौतुक जरा जपून करा. तिथल्याच ब्रांडेनबुर्ग राज्यात २००६ पासून शिकारी नसलेले, म्हणजे दुसऱ्या माशांवर न जगणारे, मासे परीक्षेशिवाय धरता येतात, शुल्क आणि त्या पाण्याची परवानगी असली की पुरे. मेक्लेनबुर्ग-फोरपोमर्नमध्ये पर्यटकांना २८ दिवसांचा परवाना परीक्षेविना मिळतो. म्हणजे ज्यांनी परीक्षा आणली त्यांनीच तिला खिडक्या ठेवल्या, कारण लोक शेजारच्या राज्यात किंवा देशात जाऊन गळ टाकायला लागले की तलावाकाठची हॉटेलं ओरडतात.

दुसरं म्हणजे, जर्मन प्राणिसंरक्षण कायद्यात 'वाजवी कारण' असल्याशिवाय प्राण्याला इजा करता येत नाही. खाण्यासाठी पकडणं हे कारण धरतात. त्यामुळे नुसतं पकडून सोडायची हौस तिथे कायद्याच्या कचाट्यात सापडू शकते. स्वित्झर्लंडमध्येही सोडून देण्याच्याच हेतूने धरायला बंदी आहे. तळ्याकाठी, तुमची परीक्षा आणायची तर हाही धडा पुस्तकात येणार. धरून सोडणाऱ्या किती जणांना तो पचेल?

---

तळ्याकाठी

पचणार नाही, म्हणूनच यायला हवा. आणि पर्यटकाला दिलेली सूट हीच सगळ्यात उलटी गोष्ट आहे. ज्याला ते पाणी सगळ्यात कमी माहीत, त्यालाच परीक्षा माफ!

---

रात्रपाळी

पर्यटकांचा विषय निघालाच आहे तर बाहेरच्यांकडून घेतल्या जाणाऱ्या दरांबद्दल बोला. अलास्कात रहिवाशाला वर्षाचा परवाना २० डॉलर, बाहेरच्याला १००. किंग सॅमन धरायचा तर परवान्यावर वेगळा शिक्का लागतो, तो रहिवाशाला १०, बाहेरच्याला १००. रहिवासी ठरायला १२ महिने तिथे राहिलेलं असावं लागतं. मासा तोच, नदी तीच, पण खिशाकडे बघून दर. याला लूट नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

---

हिशेबनीस

लूट नाही. स्थानिक माणूस वर्षभर त्या राज्याचे बाकीचे भार उचलतो, बाहेरचा आठवड्यासाठी येऊन सगळ्यात चांगला मासा घेऊन जातो.

हा वाद कोर्टातही झालाय. १९४८ मध्ये 'टूमर विरुद्ध विटसेल' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साउथ कॅरोलायनाचा नियम मोडीत काढला. कोळंबी धरणाऱ्या स्थानिक बोटीला २५ डॉलर आणि बाहेरच्या बोटीला २५०० असा तो नियम होता. तिथे प्रश्न पोटाचा होता. १९७८ च्या 'बॉल्डविन' खटल्यात मात्र माँटानाची बाजू टिकली. एल्क हरणाची शिकार करता येईल असा एकत्रित परवाना रहिवाशाला ३० आणि बाहेरच्याला २२५ डॉलर होता. न्यायालय म्हणालं, हा छंद आहे, रोजीरोटी नाही. छंदाला जास्त दर लावता येतो. मला हा भेद पटतो.

---

रात्रपाळी

कोर्टात टिकलं म्हणजे योग्य ठरलं, असं कुठे लिहिलंय? छंद आहे म्हणून कितीही घ्या, मग नदी फक्त पैसेवाल्यांची. स्कॉटलंडमध्ये काठीचा सरकारी परवाना जवळपास कुठेच लागत नाही, ऐकायला किती छान! प्रत्यक्षात सॅमन धरायचा हक्क ही स्वतंत्र मालमत्ता आहे, विकली जाते, वारसाने मिळते. हक्कदाराची परवानगी नसेल तर सॅमनला गळ लावणं गुन्हा. सरकारी शुल्क शून्य, पण नावाजलेल्या नदीवर बसायचं तर खिसा रिकामा.

---

मधली_वेळ

रात्रपाळीशी +१. परवान्याच्या पैशाने काय होतं याचं एक उदाहरण इथे कुणी काढलं नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये हौशी मासेमारीच्या शुल्काचा पैसा वेगळ्या न्यासात जातो. २००२ च्या सुमारास त्यातून धंदेवाईक मच्छीमारांना भरपाई देऊन ३० जागा हौशी लोकांसाठी जवळपास राखीव केल्या गेल्या. खाड्या, नदीमुखं, असली पाणी. ज्याचं घर जाळ्यावर चालतं त्याला हौशी माणसाच्या वर्गणीतून उठवायचं, आणि याला 'संवर्धन' म्हणायचं? वर 'टूमर' खटल्यात पोटाचा प्रश्न वेगळा मानला गेला ना, मग इथे का नाही?

---

हिशेबनीस

भरपाई मिळाली हे तुम्हीच लिहिलंय. आणि जाळी हटल्यावर तिथे बसणाऱ्यांत फक्त श्रीमंत नसतात.

---

मधली_वेळ

भरपाई एकदाच मिळते. खाडी मात्र पुढच्या पिढीलाही पोसणार होती.

---

काटेकोर

थोडं मूळ मुद्द्याकडे. पैसा आणि परीक्षा यांच्याशिवाय परवान्याचा तिसरा उपयोग आहे, तो म्हणजे मोजणी. किती लोक गळ टाकतात हेच माहीत नसेल तर किती मासे गेले याचा अंदाज कशावर बांधणार? अमेरिकेत समुद्रातल्या हौशी मासेमारीची राष्ट्रीय नोंदणी २०१० मध्ये सुरू झाली ती याचसाठी. परवान्यांच्या यादीवरून लोकांना गाठून विचारता येतं.

न्यूझीलंडचा समुद्र परवान्याशिवाय चालतो, कारण तिथे मर्यादा माशावर लावली आहे. उत्तर बेटाच्या ईशान्य किनाऱ्याच्या पट्ट्यात स्नॅपर मासा माणशी दिवसाला ७ आणि किमान लांबी ३० सेंटीमीटर. अधिकारी बोट थांबवून पेटी उघडायला लावू शकतो. उत्तरवारांना ही पद्धत आवडेल. पण सात मासे घेणारी माणसं हजार आहेत की लाख, याचा हिशेब या नियमात कुठेच नाही.

---

उत्तरवारा

आवडलीच. मोजणीसाठी फुकट नोंदणी पुरते, शुल्क कशाला? इंग्लंडात १३ ते १६ च्या मुलांचं तेच आहे की. नाव नोंदवा, पैसे नाहीत.

---

हिशेबनीस

फुकट नोंदणी झालेला माणूस अमेरिकेच्या सूत्रात मोजला जात नाही. 'पैसे भरलेला' परवानाधारक लागतो, म्हणून काही राज्यं ज्येष्ठांकडूनही नावापुरती रक्कम घेतात.

तळ्याकाठी, मी एक मधला मार्ग सुचवतो. पहिल्या वर्षी परवाना पैसे भरून लगेच द्या. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाच्या वेळी फोनवर वीस प्रश्न, मोफत, हवं तितक्या वेळा. तोवर माणूस पाण्याला लागलेला असेल, परत जाणार नाही.

---

तळ्याकाठी

म्हणजे सगळ्यात जास्त मासे ज्या वर्षी बिघडवतो ते वर्ष त्याला मोकळं द्यायचं? उलटं करा. वीस प्रश्न आधी, आणि पहिल्या वर्षाचं शुल्क निम्मं. डोकं मोजलं जाईल, राज्याचा वाटाही बुडणार नाही.

---

हिशेबनीस

निम्मं चालेल. पण प्रश्न हवं तितक्या वेळा सोडवता यायला हवेत आणि नापास हा शेरा कुठेही नको. आणि 'पकडून सोडणं' हा धडा त्यात असणार की नाही ते आधी सांगा, कारण माझा विरोध तिथे सुरू होतो.

---

तळ्याकाठी

असणार. पहिले पाच प्रश्न त्याच्यावरच.